एका दमात फुलसावंगी

नेरच्या बस स्टँडवर दुपारची फुलसावंगीची गाडी लागली की रसवंतीवाला आपलं चाक थांबवायचा. टपरीवरच्या गप्पा आपोआप बारीक व्हायच्या. लाउडस्पीकर एकदा खरखरायचा आणि आमचे कंट्रोलर सुरू व्हायचे. “नेर-फुलसावंगी! मार्गे दारव्हा, दिग्रस, पुसद, गुंज, महागाव...” ही नुसती मोठी गावं झाली. ते मधलं एकूण एक खेडं घ्यायचे, प्रत्येक फाटा घ्यायचे, ज्या थांब्यावर वर्षातून एखादी म्हातारी उतरते तोही घ्यायचे, आणि सगळं एका श्वासात. फुलसावंगी उच्चारून झाली की क्षणभर काहीच नाही. मग लाउडस्पीकरमधून एक लांबलचक श्वास ऐकू यायचा आणि त्यामागून, “धावू नका. गाडी कुठं पळून नाही चालली.”

ज्यांना कुठेच जायचं नसायचं तेही टाळ्या वाजवायचे. मी त्या गाडीची वाहक. आपल्या गाडीला टाळ्या पडतात म्हणून मी कितीतरी दिवस उगाच ताठ मानेनं चढायचे, हे आता सांगायला हरकत नाही.

नोकरीनं ते वाहतूक नियंत्रक. पण एवढं लांब पद कोण उच्चारतो? सगळं गाव त्यांना कंट्रोलर म्हणायचं. घरात काकूसुद्धा “कंट्रोलर जेवले का?” असंच विचारायच्या. आम्ही खेळाडू तेवढे काका म्हणायचो. तरुणपणी ते कबड्डीतले चढाईवाले होते, तेही चढाईला तीस सेकंदांची मर्यादा येण्याआधीचे. त्या नियमावर त्यांचा फार राग. “घड्याळ लावून खेळलं का तो खेळ नाही राह्यत, ड्युटी होते,” म्हणायचे. स्टँडवर दिवसभर घड्याळाकडे बघत बसणारा माणूस हे बोलतोय याची त्यांना अजिबात गंमत वाटत नसे.

त्यांचं दुसरं लाडकं वाक्य दमाबद्दल. “दम पोटात राह्यते. छाती फकस्त दाखवाले असते.” एखादा पोरगा मैदानावर छाती फुगवून आला की ते त्याच्या पोटावर बोट टेकवून विचारायचे, “इथं कोनी राह्यते का?”

नाव घेऊन त्यांनी कोणाला हाक मारल्याचं मला आठवत नाही. प्रत्येकाला तो जिथे खेळतो ती जागा हेच नाव. मी उजवा कोपरा. शाळेतून बाहेर पडले, लग्न झालं, नोकरी लागली, दोन लेकरं झाली, मी उजवा कोपराच राहिले. “उजवा कोपरा जिथे असेल तिथून त्वरित आपल्या गाडीकडे यावे,” अशी घोषणा झाली की परगावचे प्रवासी स्टँडच्या उजव्या कोपऱ्याकडे माना वळवून बघायचे. माझ्या लग्नात माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन त्यांनी फक्त एवढंच सांगितलं, “आमचा उजवा कोपरा चालला. पायाले धरला तं सुटत नाही, मंग मले सांगू नोको.” आणि मग मांडवाच्या मागे जाऊन डोळे पुसले.

मी त्यांच्या नजरेत भरले ती एका बकरीमुळे. आठवीत असेन. स्टँडवर कोणाची तरी बकरी दोरी तोडून पळाली, ती माझ्या पुढून जाताना मी झेप घेऊन तिचा मागचा पाय धरला आणि बकरीनं मला फरफटत रसवंतीपर्यंत नेलं, तरी सोडला नाही. काका केबिनमधून बाहेर आले. बकरीकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. संध्याकाळी आमच्या ओट्यावर हजर. मुलींनी चड्डी घालून मैदानात उतरायचं हे ऐकून माझ्या बापाचा चेहरा असा झाला की मीच आत पळाले. काका शांतपणे म्हणाले, “असा हात घरात ठेवून तुमी काय करता? दरवाजा धराले का?” बापानं मला बाहेर बोलावलं, आणि तालुक्यातला मुलींचा पहिला संघ उभा राहिला.

मैदान स्टँडच्या मागे, कापसाच्या जिनिंग मिलच्या भिंतीला लागून. आत येताना प्रत्येकानं खिसे उलटे करून दाखवायचे. आमच्या भागात खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घोळून घोळून केलेलं प्रकरण, आणि त्याशिवाय निम्म्या लोकांची सकाळ होत नाही. काकांना त्याचं वावडं. सापडलेली पुडी ते भिंतीजवळ खड्डा करून पुरायचे आणि ज्याची असेल त्याला दोन मिनिटं स्तब्ध उभं करायचे. त्या भिंतीपाशी कितीतरी खर्रा गाडलेला आहे. स्वतः काकांनी आयुष्यात सुपारीचं खांडही तोंडात टाकलेलं नव्हतं.

फुलसावंगीच्या पाटलांबद्दल इथेच सांगायला हवं. काकांच्या काळात चढाईत काका आणि पकडीत पाटील, असं जिल्ह्यात मानलं जायचं. कापसाचे, तुरीचे मोठे शेतकरी, धिप्पाड, हाताचा पंजा ताटाएवढा. कुठल्याशा अंतिम सामन्यानंतर दोघांचं बोलणं तुटलं. कारण विचाराल तर नेरमध्ये एक सांगतात, फुलसावंगीत भलतंच. वर्षानुवर्षं अबोला. पाटील कामानिमित्त नेरला आले की परतीला माझ्याच गाडीत बसायचे, पण घोषणा सुरू झाली की खाली उतरून केबिनकडे पाठ करून उभे राहायचे. शेवटी त्यांच्या गावाचं नाव आलं की परत चढायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “गरमी होते गाडीत.” तेव्हा डिसेंबर होता.

आणि मग एका दुपारी काका दिग्रसला थांबले.

म्हणजे बसले होते केबिनमध्येच. घोषणा चालू होती, दारव्हा झालं, दिग्रस झालं, आणि तिथे त्यांनी श्वास घेतला. एवढंच. नवख्या माणसाला काही कळलंही नसतं. पण रसवंतीवाल्यानं माझ्याकडे पाहिलं, मी ड्रायव्हरकडे पाहिलं, आणि टाळी वाजवायला वर आलेले हात लोकांनी तसेच खाली घेतले. काकांनी फुलसावंगीपर्यंत पूर्ण केलं. धावू नका मात्र म्हटलं नाही.

आधी त्यांनी धुळीवर ढकललं, मग नव्या पंख्यावर, मग माईकवर. आवाज महिनाभर घोगराच राहिला तेव्हा मी आणि काकूंनी त्यांना अक्षरशः धरून नागपूरला नेलं. तपासण्या झाल्या. स्वरयंत्राचा कॅन्सर. डॉक्टर तरुण होते आणि चांगले होते, काही लपवलं नाही. म्हणाले, “स्वरयंत्र काढावं लागेल. गळ्याला एक छिद्र राहील, श्वास तिथून. वेळेवर केलं तर काका जगतील. पण आवाज राहणार नाही.”

काकांनी विचारलं, “मंग जगन कोन?”

डॉक्टरांना वाटलं त्यांना समजलं नाही, म्हणून त्यांनी परत सगळं सांगितलं. काका परत तेच म्हणाले. आणि उठून बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी ते केबिनमध्ये हजर. घोषणा तुकड्यातुकड्यांनी, पुसद, श्वास, गुंज, श्वास. टाळ्या कोणी वाजवेना. आम्ही काय काय केलं नाही! मी भांडले, अगदी तोंडाला येईल ते बोलले. गावोगावचे संघ आले. ज्यांना काकांनी कधी पंच म्हणून बाद दिलं होतं ते आले, ज्यांच्या पुड्या पुरल्या होत्या ते आले. त्यातला एक जण तर काकांच्या पायाशी बसून ढसाढसा रडला, “खर्रा आमी खाल्ला काका, अन् आजार तुमाले!” त्या आठवड्यात जवळजवळ सगळ्यांनी खर्रा सोडला. पुढे बहुतेकांनी परत धरला, पण काहींचा सुटला तो सुटलाच. काका प्रत्येकाला चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. डॉक्टरांचे निरोप येत होते, उशीर करू नका, गाठ थांबून राहत नाही. काकू एका शब्दानं बोलत नव्हत्या. एकदाच मला म्हणाल्या, “मले आवाज नाही पाह्यजे वं, मानूस पाह्यजे. पन त्यायले मी सांगू कशी? लग्नाच्या आधी मी आवाजच तं आयकला होता.”

आता टकलाची गोष्ट.

काकांच्या संघातल्या पोट्ट्यांनी मोबाईलवर कुठेतरी पाहिलं की परदेशात एखाद्याला कॅन्सर झाला की त्याचे दोस्त डोक्याचे केस काढतात, त्याला आधार म्हणून. झालं. सगळे स्टँडसमोरच्या सलूनमध्ये रांगेत बसले. न्हाव्यानं एकाच संघाचे इतके गडी एकदम मुंडण करायला आलेले पाहून काही विचारलंच नाही. आपल्याकडे असं केव्हा करतात हे त्याला ठाऊक होतं. एकदा हात जोडले आणि वस्तरा चालवला. पोट्ट्यांनी फोटो काढला, जिल्ह्याच्या कबड्डीच्या ग्रुपवर टाकला, खाली फक्त “आपले कंट्रोलर काका” आणि हात जोडल्याचं चिन्ह. आणि गडी निवांत झोपायला गेले.

ग्रुपवरच्या पहिल्या माणसानं लिहिलं, “भावपूर्ण श्रद्धांजली.” त्यानंतर कोण कशाला विचारतो!

मी त्या रात्री फुलसावंगीला मुक्कामी गाडीवर होते. सकाळी गाडी काढायला स्टँडवर आले तर पाटील उभे. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मागे त्यांचे चार-पाच गडी, आणि हातात झेंडूचा मोठा हार. मला पाहून त्यांनी मान खाली घातली. “कंट्रोलर गेला,” एवढंच म्हणाले.

मी फोन लावला. काकूंचा बंद. काकांकडे मोबाईल नव्हताच, ज्याला बोलायचं त्यानं समोर यावं असं त्यांचं म्हणणं. डेपोत कोणी उचलेना. ग्रुप उघडला तर टकलांचा फोटो आणि खाली श्रद्धांजलीची ही रांग. मग मीही काही विचारलं नाही. तिकीट काढायला गेले आणि हुंदका आला. महागावला पांढऱ्या कपड्यातले चार जण चढले, पुसदला सहा, दिग्रसला, दारव्ह्याला, सगळे कबड्डीवाले. एकमेकांना जय भीम, राम राम झालं की गप्प बसायचे. गाडीत एवढी माणसं आणि इतकी शांतता मी कधी अनुभवली नाही. पाटील पुढच्या सीटवर हार मांडीवर घेऊन बसले होते. सगळा रस्ता ते खिडकीबाहेर बघत होते.

गाडी नेरच्या स्टँडमध्ये वळली. लाउडस्पीकर खरखरला.

“फुलसावंगीहून येणारी गाडी... फलाटावर येत आहे. उतरनाऱ्यायनं... आधी उतरू द्यावं.”

ड्रायव्हरनं असा ब्रेक मारला की उभे होते ते बसले आणि बसले होते ते उभे राहिले. गाडीत एक जण मोठ्यानं ओरडला. पाटलांच्या हातातला हार खाली पडला. आवाज फाटका होता, घोगरा होता, तुटक होता, पण तो आवाज ओळखायला चुकणारा एकही माणूस त्या गाडीत नव्हता.

काका केबिनमधून बाहेर आले. गाडीतून एकामागून एक पांढरे कपडे उतरताना त्यांनी पाहिले. “कोन गेलं?” त्यांनी काळजीनं विचारलं.

जो तो दुसऱ्याला पुढे ढकलू लागला. शेवटी पाटील पुढे झाले, हार उचलून हातात घेतलेला. इतक्या वर्षांनी पहिला शब्द त्यांनी उच्चारला तो हा, “तू.”

“मी? कवा?”

“काल. असं समजलं.”

लिंबाखाली चकाकणारी डोकी उभी होती. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत गेली. “बे पोट्टेहो,” ते म्हणाले, “छप्पन साली दीक्षा घेतली तवाच माह्या आज्यानं आमच्या घरातून हे मुंडन-फिंडन बंद केलं. मी खरंच मेलो तरी माह्या घरी कोनी टक्कल नाही करत. अन् तुमी माह्या जितेपनी केलं?”

“काका, क्यान्सरवाल्यासाठी करतेत,” एक टकला रडवेला होऊन म्हणाला. “केस जातेत ना. म्हनून आमी आधीच...”

काकांनी आपल्या दाट, पिकल्या केसांतून हात फिरवला. “गळ्याले झालं बे माह्या! डोक्याले काहून हात लावला?”

आधी ते स्वतः हसले, आणि मग सगळं स्टँड हसलं. काही जण हसता हसता रडत होते, त्यात मी एक. पाटील मात्र हसले नाहीत. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. “इतके वर्स बोलला नाही. आज कायले आला?”

“बोलाले नाही आलो,” पाटील म्हणाले. “खांदा द्याले आलतो.”

काकांनी त्यांच्या हातातला हार घेतला आणि माझ्या गाडीच्या तोंडाला अडकवला. “हिले घालू. लांबून आली बिचारी. अन् आलाच आहेस तं चप्पल काढ अन् मैदानात ये.”

मयतीला आलेल्या माणसांचा तो सामना. धोतरं खोचलेली, पायजमे गुडघ्यापर्यंत गुंडाळलेले, निम्म्यांची डोकी तुळतुळीत. मागाहून वणीच्या कोळसा खाणीतले गडी पुष्पचक्र घेऊन पोचले, त्यांनी ते भिंतीला टेकवलं आणि थेट मैदानात उतरले. काका पंच. आणि मग मध्येच त्यांनी शिट्टी माझ्या हातात दिली. पायातल्या चपला काढल्या, मातीला हात लावला, आणि स्वतः चढाईला निघाले.

चढाईवाल्याचा दम पंचाला ऐकू यायला हवा, हा नियम. तो ऐकू आला नाही तर गडी बाद. काकांचे ओठ हलत होते, पण मला काही ऐकू येत नव्हतं. स्टँडवर गाड्यांची इंजिनं घरघरत होती. मी कानामागे हात धरला. ते माझ्या ड्रायव्हरनं पाहिलं. तो गेला आणि त्यानं आपल्या गाडीचं इंजिन बंद केलं. त्याचं पाहून अमरावतीवाल्यानं बंद केलं, मग यवतमाळवाल्यानं. एक ट्रकवाला रस्त्यावर होता, त्यानंही बंद केलं, का ते त्याला माहीत नसेल. रसवंतीचं चाक थांबलं. आणि त्या शांततेत ते ऐकू आलं. कबड्डी कबड्डी कबड्डी. बारीक, खरवडल्यासारखं, पण न तुटता. ज्या गळ्यातून भाताचा घास जात नव्हता त्या गळ्यातून तो दम येत होता, पोटातून, काका सांगायचे तिथून.

कोणी त्यांना हात लावेना. सगळे मागे मागे सरकत होते. काकांनी डोळे वटारले, पण दम घालताना बोलता येत नाही. ते सरळ पाटलांच्या अंगावर गेले, त्यांच्या छातीवर थाप मारली आणि फिरले. आणि पाटलांनी झेप घातली. दोन्ही पंजांनी घोटा धरला, खरा, पूर्वीसारखा. काका आडवे झाले, हात मध्यरेषेकडे ताणला. बोटं पोचली नाहीत. दम संपला.

मला शिट्टी वाजवावी लागली. “गडी बाद,” मी म्हणाले.

“सोड आता,” काका मातीत पडून म्हणाले.

पाटलांनी घोटा सोडला नाही. “पयले सांग. आपरेशन करतो का नाही?”

“बाद झाल्यावर धरून ठेवनं फाउल हाय.”

“दे फाउल.”

“उजवा कोपरा, याले फाउल दे.”

मी शिट्टी खिशात टाकली. पंच म्हणून असं वागणं योग्य नव्हे, पण मी टाकली. काका पालथे होते ते उताणे झाले. घोटा पाटलांच्या हातातच. भोवती सगळे उभे, महागावचे, पुसदचे, वणीचे. मागे काकू कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या कोणाला कळलं नाही. फोन बिघडला म्हणून दुरुस्तीला टाकायला त्या सकाळी बाजारात गेल्या होत्या. आपल्या नवऱ्याच्या मयतीची बातमी त्यांना मोबाईलच्या दुकानात समजली होती आणि त्या तशाच धावत आल्या होत्या.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग सगळ्यांकडे.

“इतके लोक मयतीले आले,” ते हळू म्हणाले. “दोन मयन्यांनी पुन्यांदा बोलावलं तं बरं नाही दिसत.”

“मी तं नाही येत बाप्पा,” पाटील म्हणाले.

“मंग घ्या कापून,” काका म्हणाले. तेव्हा कुठे पाटलांनी घोटा सोडला.

ऑपरेशन नागपूरला झालं. दवाखान्यात माणसं कमी पडली नाहीत, उलट वॉर्डातल्या नर्सबाई वैतागल्या. वणीच्या खाणीतल्या गड्यांनी खाणीसारख्या पाळ्या लावून दिल्या, पहिली, दुसरी, तिसरी, आणि पाळी सुटल्याशिवाय कोणी जागचं हलायचं नाही. रक्त द्यायला इतके धडधाकट गडी आले की तिथल्या माणसानं विचारलं, पेशंट मंत्री आहे का? टकलांच्या डोक्यांवर तोवर केसांचे खुंट उगवले होते. पाटील मात्र पाळीबिळी मानत नव्हते. खाटेजवळच्या स्टुलावर बसून असायचे. शुद्धीवर आल्यावर काकांनी तोंड उघडलं, काही म्हणायला गेले, आणि काहीच आलं नाही. ते असं होणार हे त्यांना माहीत होतं, आम्हालाही. तरी त्यांच्या डोळ्यांत जी भीती मी पाहिली ती मला विसरता येत नाही. पाटील त्यांच्या ओठांवर वाकले. “पानी मागून राह्यला,” ते म्हणाले, आणि बरोबर होतं.

गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं. ते काका घरी काकूंशी बोलताना वापरतात. मैदानावर नाही, त्याची घरघर खेळाडूच्या दमात मिसळते म्हणून. शिट्टी वाजवता येत नाही, तोंडातून वाराच येत नाही, हे त्यांना पहिल्या दिवशी मैदानावरच समजलं. शिट्टी तोंडात धरून किती वेळ उभे होते. दुसऱ्या दिवशी मी त्यांना एका जुन्या वाहकाकडून तिकिटाला भोक पाडायचा लोखंडी चिमटा आणून दिला. आता यंत्राची तिकिटं आली, ते चिमटे पडून आहेत. खटखट असा वाजतो की जिनिंगच्या भिंतीवरून परत येतो. गळ्याला रुमाल, हातात चिमटा, आणि पोरापोरींच्या पोटावर बोट टेकवणं चालूच. निवृत्त झालेत, पण दुपारी स्टँडवर येऊन बसतात. नवा कंट्रोलर फुलसावंगीची गाडी तीन श्वासांत सांगतो, आणि काका त्याच्याकडे अशा नजरेनं बघतात की तो चौथा घ्यायला धजत नाही.

त्यांचे ओठ आम्हाला सगळ्यांना वाचता येत नाहीत. मला अर्धेमुर्धे येतात. काकूंना येतात, पण त्या मैदानात उतरत नाहीत. पाटलांना सगळं येतं. त्यामुळे काका जिथे पंच असतील तिथे पाटील माईक घेऊन शेजारी. इतकी वर्षं न बोललेला माणूस आता दिवसभर त्यांचंच बोलतो. कधी पदरचं घालतो, मग काका त्याला चिमटा मारतात.

यंदाच्या हिवाळ्यात फुलसावंगीला स्पर्धा झाली. अंतिम सामना नेर आणि फुलसावंगीचा, आणि दोन्ही गावांनी पंच म्हणून काकांनाच मागितलं. गर्दी इतकी की लोक ट्रॅक्टरवर चढलेले. शेवटची चढाई फुलसावंगीची, चढाईवाला पाटलांचा सख्खा पुतण्या. पोरगा वाघासारखा गेला, दोन गडी मारले आणि रेषेवर परत आला. फुलसावंगी जिंकली. ढोल सुरू झाले.

खट खट खट.

काकांनी हात वर केला होता. ढोल थांबले. काका पाटलांकडे वळले आणि त्यांचे ओठ हलले. पाटलांनी माईक तोंडाशी नेला होता, तो खाली घेतला. काकांनी परत तेच म्हटलं, सावकाश. मी रेषेजवळ उभी होते, मला कळलं. पुतण्यानं परत फिरताना मध्ये श्वास घेतला होता. इतक्या गोंगाटात तो कोणालाच ऐकू आला नव्हता. ज्या माणसाचा स्वतःचा श्वास आता गळ्यातल्या भोकातून येतो, त्याला ऐकू आला होता. पुतण्या मान खाली घालून उभा होता, तेवढ्यावरून खरं काय ते समजत होतं.

पाटलांनी आपल्या गावाकडे पाहिलं. मग माईक वर घेतला.

“दम तुटला. गडी बाद. सामना नेरचा.”

एकच गलका उठला. पाटलांच्या घरचेच लोक पुढे आले. त्यांच्या थोरल्या भावानं तिथूनच ओरडून विचारलं, “तू आपल्या गावचा हाय का नेरचा बे? आपल्याच पोट्ट्याच्या इरोधात काय बोलून राह्यला?”

पाटलांनी माईक बंद केला नाही, त्यामुळे सगळ्या फुलसावंगीनं ते ऐकलं.

“मी कुठं बोलून राह्यलो?” ते म्हणाले. “तो बोलून राह्यला.”